हॅच भरत नाही, क्षेत्रफळ जुळत नाही: ऑटोकॅडमधल्या ‘बंद दिसणाऱ्या’ आकारांची दुरुस्ती

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं दीड खोलीचं ड्राफ्टिंगचं काम चालतं. फोन वाजतो आणि पलीकडून ‘बेन, आ हॅच केम नथी पडतुं?’ (ताई, हे हॅच का पडत नाही?) असा प्रश्न येतो. हॅच म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद आकार रेघांच्या नक्षीने किंवा रंगाने भरणं. शिकायला येणारी मुलं तेच मराठीत विचारतात, ‘ताई, आतून तर बंद दिसतंय!’ दिसतंय, हीच तर पंचाईत आहे. इतकी वर्षं हीच एक खोड पुन्हा पुन्हा काढल्यावर एकदा सगळं लिहून ठेवावं म्हटलं. निदान अर्धे फोन तरी कमी येतील.

आधी लक्षणं. यातलं कुठलंही एक दिसलं तरी रोग बहुधा एकच असतो:

– हॅच द्यायला आकाराच्या आत क्लिक केलं की बंद सीमा सापडत नाही अशी खिडकी उघडते.
– रीजन (बंद रेघांचा एक सलग पृष्ठभाग करणारी) कमांड चालवली की 0 लूप, 0 रीजन असा निरोप येतो.
– चौकोनाला ऑफसेट दिला, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर प्रत काढली, तर चौकोनाऐवजी एकटीच रेघ सरकते.
– एक्स्ट्रूड केल्यावर, म्हणजे सपाट आकाराला उंची दिल्यावर, भरीव ठोकळ्याऐवजी पातळ पत्र्यासारखी भिंत उभी राहते.
– क्षेत्रफळ बरोबर, पण परिमिती हिशेबात बसत नाही.
– मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) लेझर कटिंगवाल्याचा फोन येतो की तुमचा कॉन्टूर ओपन आहे, म्हणजे कापायची सीमा उघडी आहे.

पहिली चार लक्षणं पडद्यावरच कळतात, म्हणून स्वस्तात सुटतात. शेवटच्या दोघांची किंमत रुपयांत मोजावी लागते.

आता तपासण्या. याच क्रमाने करा. मधली पायरी गाळून एकदम ‘फाइल करप्ट झाली’वर उडी मारणारे मी पुष्कळ पाहिलेत.

हॅच खरंच आलेलं नाही का?

हसू नका. हॅच आलेलं असतं, दिसत नसतं. पॅटर्नचं स्केल आकाराच्या मानाने फार मोठं असेल तर एकही रेघ आकाराच्या आत पडत नाही. फार लहान असेल तर एक तर तो नुसता काळा गोळा दिसतो, नाही तर पॅटर्न फार दाट आहे म्हणून सॉफ्टवेअरच नकार देतं. पॅटर्न बदलून सॉलिड करा. सॉलिड भरलं तर आकार शाबूत आहे, स्केल तेवढं सुधारा. सॉलिडही दिसलं नाही तर फिल कमांड ऑन आहे का पाहा, मग आर-ई टाइप करून रीजेन करा, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने आखलं जातं. हॅचची लेयर (ड्रॉइंगचा वेगळा थर) कुणी फ्रीझ करून, म्हणजे लपवून, ठेवली नाही ना, तेही बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि रेघेला हात लावावा लागत नाही.

रीजेनने आणखी एक शंका फिटते. वर्तुळ अष्टकोनासारखं दिसतंय, चाप आणि रेघ यांच्यात फट दिसते, अशी तक्रार येते. ते फक्त पडद्यावरचं चित्र असतं, आतली भूमिती गोलच असते. रीजेन करूनही कोपरे राहिले तर व्ह्यूरेस या कमांडचा आकडा वाढवा.

अख्खी सीमा पडद्यावर आहे का?

झूम करून एका कोपऱ्यात गेलेलो असतो आणि तिथूनच आत क्लिक करतो. सीमेचा काही भाग पडद्याबाहेर असला की सॉफ्टवेअर गोंधळतं, आणि निरोपात तसं लिहिलेलंही असतं. पण खिडकी वाचतो कोण? झूम एक्स्टेंट करा, म्हणजे अख्खं ड्रॉइंग पडद्यावर येईल, आणि पुन्हा क्लिक करा. बंद किंवा फ्रीझ केलेल्या लेयरवर एखादी बाजू राहिली असेल तर तीही सीमेत धरली जात नाही.

आकारावर एकदा क्लिक करा

कुठलीही कमांड न देता नुसतं क्लिक करा. चारही बाजू एकदम उजळल्या तर ती पॉलिलाइन, म्हणजे अखंड जोडलेली रेघ, आहे. एकच बाजू उजळली तर त्या चार सुट्या रेघा आहेत. सुट्या रेघांनाही हॅच भरतं, कोपरे नेमके टेकलेले असले तर. पण ऑफसेट आणि एक्स्ट्रूड यांना अखंड आकार लागतो. तेवढंच असेल तर जॉइन कमांड, म्हणजे नुसतं जे, देऊन चारही रेघा निवडा. एक पॉलिलाइन झाली तर इथेच थांबा आणि चहा प्या. जॉइन झाली नाही तर मात्र फट कुठेतरी नक्की आहे.

पॉलिलाइन असेल तर कंट्रोल आणि 1 दाबून प्रॉपर्टीज उघडा. तिथे क्लोज्ड या ओळीपुढे यस आहे की नो? शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर क्लिक करून आकार ‘बंद’ केला असेल तर तो डोळ्याला बंद असतो, पण नोंद नोच राहते. अशा पॉलिलाइनला जाडी दिली की त्या एका कोपऱ्यात खाच दिसते, आणि ऑफसेटमध्ये तोच कोपरा जुळत नाही. आकार काढतानाच शेवटचं क्लिक न करता सी टाइप करून एंटर दिलं असतं तर ही वेळ आली नसती. आता तिथे नोचं यस करून टाका, काम भागतं.

यसवर नेलं की एखादी नवी तिरपी रेघ उगवली तर? तर तुमचा शेवटचा बिंदू पहिल्यावर नव्हताच. फट तीच. अनडू करा आणि पुढे वाचा.

परिमितीची परीक्षा

ही माझी लाडकी तपासणी, कारण इथे सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, आपणच अर्धंच ऐकतो. उघड्या पॉलिलाइनचं क्षेत्रफळ काढताना ऑटोकॅड पहिला आणि शेवटचा बिंदू मनातल्या मनात सरळ रेघेने जोडतं आणि तेवढ्याचं क्षेत्रफळ देतं. लांबी मात्र खऱ्या रेघांचीच मोजतं.

समजा 3600 बाय 3000 ची खोली आहे. चौथी 3000 ची बाजू काढायची राहिली, कारण शेजारच्या खोलीची रेघ तिथे आधीच होती आणि डोळ्याला चौकोन पुरा वाटला. क्षेत्रफळ येईल 1,08,00,000 चौरस मिलिमीटर, म्हणजे 10.8 चौरस मीटर. अगदी बरोबर. पण लांबी 13200 यायला हवी तिथे येईल 10200. नुसतं क्षेत्रफळ पाहणारा माणूस खुशाल पुढे जातो आणि स्कर्टिंगच्या हिशेबात तीन मीटर कमी लावतो. ए-ए (एरिया कमांड) देऊन ऑब्जेक्ट निवडला की दोन्ही आकडे येतात, दोन्ही वाचा.

फट कुठे आहे?

इथे खरा वेळ जातो, म्हणून इथेच जरा थांबते.

फट डोळ्याने शोधायला जाऊ नका. हिशेब करून पाहा: 20 मीटर रुंद प्लॅन 1920 पिक्सेलच्या पडद्यावर पूर्ण दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे 10 मिलिमीटर. तुमची फट 3 मिलिमीटरची असेल तर ती दिसणारच नाही, चष्म्याचा नंबर कितीही बदला. मला ड्रॉइंग शिकवणारे गृहस्थ कलाभवनात बोर्डावर शिकलेले. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी काढलेलं ते कलाभवन आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेचं घर आहे. ते गृहस्थ कोपऱ्यात दोन्ही रेघा मुद्दाम केसभर ओलांडू द्यायचे, म्हणजे कोपरा धारदार दिसतो. कागदावर ते शोभायचं, शिवाय पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते आणि बारीक फट ती झाकून टाकते. कॅडमधल्या रेघेला जाडीच नाही. टेकली तर टेकली, नाहीतर नाही.

नव्या आवृत्त्यांत हॅच फसलं की फटीभोवती लाल वर्तुळं उमटतात. खिडकी बंद करा, पण वर्तुळं जाण्याआधी तिथे झूम करा. रीजेन केलं की ती पुसली जातात, म्हणून त्या क्षणी आर-ई दाबायची सवय आवरा.

लाल वर्तुळं आली नाहीत, किंवा आवृत्ती जुनी आहे, तर अर्ध्याने कापायची युक्ती करा. आकाराच्या मधून आरपार एक रेघ काढा, दोन्ही बाजूंनी सीमेच्या बाहेर जाईल इतकी लांब. आता डाव्या अर्ध्यात हॅच देऊन पाहा, मग उजव्या. जो अर्धा भरला तो निर्दोष. न भरलेल्या अर्ध्याला पुन्हा मधून कापा. चाळीस कोपऱ्यांचा वेडावाकडा प्लॉट असला तरी पाच-सहा वेळा कापलं की फट दोन-तीन कोपऱ्यांत कोंडली जाते. दोन्ही अर्धे भरले नाहीत तर फटी किमान दोन आहेत. काम झालं की कापायच्या रेघा पुसा. त्या वेगळ्या लेयरवर काढल्यात तर बरं. मी एकदा विसरले होते आणि क्लायंटने विचारलं, हॉलमधून ही कसली भिंत जाते?

फट बुजवणं

दोन सरळ रेघांचा कोपरा असेल तर फिलेट (एरवी कोपरा गोल करणारी कमांड), त्रिज्या 0. दुसरी रेघ निवडताना शिफ्ट दाबून धरली की त्रिज्या तेवढ्यापुरती 0 धरली जाते. रेघ कमी पडली असेल तर वाढते, बाहेर गेली असेल तर छाटली जाते. दहापैकी सात-आठ फटी माझ्याकडून अशाच बुजतात.

फटी खूप असतील, दुसऱ्याकडून आलेली फाइल असेल, तर पी-ई (पॉलिलाइन एडिट), मग मल्टिपल, सगळं निवडा, जॉइन, आणि फझ डिस्टन्स द्या. इतक्या अंतरापर्यंतची फट जोडून टाक, असा त्याचा अर्थ. हा आकडा फटीपेक्षा मोठा पण आकारातल्या सर्वांत लहान खऱ्या बाजूपेक्षा लहान हवा. 3 मिलिमीटरचा चॅम्फर (तिरपा कापलेला कोपरा) असलेल्या पट्टीला 5 चा फझ दिलात तर चॅम्फरची वाट लागू शकते.

आणि हॅचचं गॅप टॉलरन्स? त्याची मूळ किंमत 0 असते, 5000 पर्यंत वाढवता येते. वाढवली की हॅच फटीकडे काणाडोळा करून भरतं. कुणी ही युक्ती सांगितली की मला राग येतो. प्रिंटपुरतं सुंदर दिसतं, पण फट जागच्या जागी राहते, आणि फाइल लेझरला गेली की तिथे उघडी पडते. संध्याकाळी सातला प्रिंट द्यायचीच असेल तर वापरा, पण फाइलच्या नावात तसं लिहून ठेवा.

माझाच एक किस्सा. 6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातली बेस प्लेट होती, 200 बाय 150, चार भोकं. बाहेरची चौकट चार सुट्या रेघांची, एका कोपऱ्यात 0.02 ची फट. हॅच मी टॉलरन्सवर भरलेलं, म्हणून मला ती बंदच वाटली. लेझरच्या सॉफ्टवेअरला उघड्या सीमेचं आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते ठरवता येत नाही, त्यामुळे किरणाच्या जाडीची भरपाई झाली नाही आणि किरण थेट रेघेवरून फिरला. प्लेट दोन्ही मापांत केसभर लहान आली. पत्र्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून लेझरला जाणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये बाहेरची चौकट निवडून क्लोज्डपुढे यस वाचल्याशिवाय मेल जात नाही.

फट नाहीच, तरी भरत नाही

मग उलटं बघा, काहीतरी जास्तीचं आहे का. एकावर एक पडलेल्या दोन रेघा, कोपऱ्यातून बाहेर आलेलं शेपूट, स्वतःलाच छेदणारी पॉलिलाइन. ओव्हरकिल कमांड सगळं निवडून चालवा, दुहेरी रेघा ती काढून टाकते. लेझरसाठी तर हे सक्तीचंच आहे, कारण दुहेरी रेघेवरून किरण दोनदा फिरतो आणि कड जळते.

झेडची उंची

हे कठीण प्रकरण. वरून पाहता कोपरे टेकलेले, फिलेट मात्र नकार देते, जॉइन होत नाही. प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड आणि एंड झेड पाहा. एकाला 0 आणि दुसऱ्याला 36.25 असेल तर रेघा एकमेकींच्या वरून गेल्यात, भेटल्याच नाहीत. उड्डाणपुलावरची आणि खालची गाडी नकाशावर एकाच जागी असतात तसं. सर्व्हेच्या फाइलमध्ये पातळीच्या बिंदूंवर स्नॅप घेतला, म्हणजे कर्सर त्या बिंदूला चिकटवला, की हे हमखास होतं. रेक्टँगल कमांडमध्ये कुणी एलिव्हेशन देऊन ठेवलं असेल तरीही, कारण ती कमांड मागची सेटिंगं लक्षात ठेवते. गोल कोपरे आपोआप यायला लागले, तर त्यामागेही तेच असतं.

सोपी तपासणी म्हणजे व्ह्यू फ्रंटवर न्या. सपाट ड्रॉइंग समोरून एकाच आडव्या रेघेसारखं दिसलं पाहिजे. काही वर-खाली लोंबत असेल तर चोर सापडला. थोड्याच रेघा असतील तर झेड हाताने 0 करा. पुष्कळ असतील तर फ्लॅटन, सगळं सपाट करणारी कमांड. पुन्हा होऊ नये म्हणून ओस्नॅप-झेड हे व्हेरिएबल 1 करून ठेवा, मग स्नॅप घेताना दुसऱ्याची उंची उचलली जात नाही.

मूळ बिंदूपासून (0,0 पासून) फार दूर

बडोदा यूटीएमच्या, म्हणजे जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या नकाशाच्या जागतिक पद्धतीच्या, 43 उत्तर या पट्ट्यात येतं. इथल्या सर्व्हेच्या फाइलमध्ये उत्तरेचा आकडा चोवीस लाख मीटरच्या घरात असतो. कुणी ती फाइल मिलिमीटरमध्ये आणली की तोच आकडा दोन अब्जांच्या वर जातो. संगणक एका संख्येत साधारण 15-16 अर्थपूर्ण अंक धरतो. पुढचे दहा जागेतच खर्च झाले की बारीक मापांना उरतात पाच-सहा, आणि हिशेब करताना त्यांतलेही शेवटचे घसरतात. हॅच तुटतं, वर्तुळं थरथरतात. तपासायचं असेल तर आकाराची प्रत नव्या फाइलमध्ये 0,0 जवळ आणा आणि तिथे हॅच द्या. भरलं तर कारण सापडलं. मूळ फाइल जागची हलवू नका, का ते खाली सांगते.

शेवटी ऑडिट चालवा, चुका दुरुस्त करायला हो म्हणा. फाइल उघडतच नसेल तर रिकव्हर. तेही नाही तर त्याच फोल्डरमध्ये बीएके शेवटची फाइल शोधा, तिची प्रत घेऊन शेवट डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइलचा नेहमीचा) करा. ती मागच्या सेव्हची प्रत असते.

थांबायचं कुठे

अर्धा तास. त्याहून जास्त नाही. अर्ध्याने कापूनही फट सापडली नाही तर नव्या लेयरवर, एंडपॉइंट स्नॅप लावून, त्याच आकारावरून पॉलिलाइन नव्याने काढा. चाळीस कोपऱ्यांना दहा मिनिटं लागतात.

जमिनीची मोजणी, ले-आउट किंवा मंजुरीला जाणारा प्लॅन असेल तर फझ, फ्लॅटन, मूव्ह यांतलं काहीही स्वतः करू नका. तिथे प्रत्येक बिंदूचे आकडे हाच पुरावा असतो, आणि तुम्ही ‘सुधारलेली’ फट म्हणजे शेजाऱ्याची वीतभर जमीनही असू शकते. ज्या सर्व्हेअरने किंवा परवानाधारक इंजिनिअरने फाइल दिली त्यालाच फोन करा.

ऑडिट दर वेळी त्याच चुका दाखवत असेल आणि बीएकेही तशीच असेल तर डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे जा. तोवर त्या फाइलवर पुन्हा सेव्ह करू नका. सगळ्याच फायलींत रेघा लुकलुकत, गायब होत असतील तर दोष आकारात नाही. हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहा. थांबलं तर ग्राफिक्स ड्रायव्हरचं काम आहे, संगणकवाल्याला बोलवा.

फट जन्मते कुठे

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण अडलेला माणूस आधी औषध मागतो. शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या मशीनवर मी पहिल्यांदा ओस्नॅपची, म्हणजे कर्सर कशाकशाला चिकटेल त्याची, यादी उघडते. तिथे निअरेस्टवर टिक दिसली की काढून टाकते. निअरेस्ट रेघेवरचा कुठलाही बिंदू पकडतो. खूण दिसते, माणूस निर्धास्त होतो, आणि बिंदू टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे पडतो. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन एवढे चार पुरे. एफ 3 चुकून दाबलं जाऊन ओस्नॅपच बंद असतो, हे तर रोजचं.

दुसरं, डायनॅमिक इनपुट, म्हणजे कर्सरजवळच आकडे टाइप करायची सोय. एफ 12 चालू असताना दुसरा बिंदू 600,400 टाइप केला तर तो पहिल्यापासून मोजला जातो. बंद असताना तोच आकडा मूळ बिंदूपासून. दोन मशीनवर दोन वेगळे चौकोन येतात आणि मुलं एकमेकांवर खेकसतात. नेहमी @600,400 लिहा, दोन्हीकडे सारखंच येईल.

षटकोनाचंही सांगून टाकते, जरी त्यात फट नसते. एम 16 च्या नटाला 24 चा पाना लागतो, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमध्ये 24. पॉलिगॉनमध्ये 6 बाजू, त्रिज्या 12 देताना सर्कमस्क्राइब्ड निवडा. इन्स्क्राइब्ड ठेवलंत तर 24 हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत येतं आणि बाजूंमध्ये उरतात 20.78. आकार बंद, हॅच भरलेलं, प्रिंट सुरेख, आणि पाना नटावर गरगर फिरतो.

मदतीसाठी फाइल पाठवायची झाली तर मूळ डीडब्ल्यूजी पाठवा, पीडीएफ नको. त्यात फट दिसत नाही. सोबत लाल वर्तुळांचा स्क्रीनशॉट आणि माप मिलिमीटरमध्ये की मीटरमध्ये, एवढं लिहा.